लोढण्याचा शेवट

पडद्याच्या कडेला, काळोखात, भिंतीला पाठ लावून ती प्रेक्षकांच्या तोंडांकडे बघत होती. सिनेमा तिनेच एडिट केलेला, त्यातला शब्द न् शब्द पाठ. चाचणीच्या खेळाला एडिटरने बघायची असतात ती तोंडं.

पडद्यावर तिचा धाकटा भाऊ कड्याला लोंबकळत होता.

सिनेमांच्या मालिकेतला हा चौथा भाग. पहिल्यापासून तो नायकाचा मेव्हणा, आणि पब्लिकने त्याचं नाव ठेवलेलं लोढणं. ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही, असे हजारो लोक मोबाइलवर रोज त्याचं मरण मागत होते, आणि कंपनी त्यांना मायबाप म्हणत होती. शेवटी निर्मात्याने शक्कल काढली : दोन शेवट करा. सकाळच्या खेळात लोढणं वाचेल, दुपारच्या खेळात मरेल. पब्लिक उचलून धरेल तो ठेवू.

सकाळी तो वाचला, तेव्हा हॉलभर शिव्या झाल्या.

दुपारचा शेवट तिने गुपचूप बदलला होता. आधी हात सुटताच तो खाली जायचा; त्यावर टाळ्या पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. तिने मध्ये एक तुकडा घातला. शूटिंगला दिग्दर्शक ‘कट’ म्हणाल्यावरही कॅमेरा चालू राहिला होता, तेव्हाचा. त्यात अभिनय नव्हता. सुरक्षेच्या पट्ट्याला लटकलेला, दमलेला, खाली कुणी धरतंय का ते शोधणारा तिचा भाऊ होता. लोकांना लाज वाटावी, टाळीला उचललेला हात तिथेच राहावा, एवढाच तिचा डाव. टाळी नाही, तर हा शेवट बाद.

टाळी पडली नाही. मघापासून ‘ढकला रे त्याला’ म्हणून ओरडणाऱ्या दाढीवाल्याने तोंडावर हात ठेवला. मागून कुणाचा तरी हुंदका आला.

तिने श्वास सोडला.

दिवे लागताच निर्माता डोळे पुसत आला. “बाई, काय केलंत हे!”

“टाळ्या पडल्या नाहीत. म्हणजे त्याला मारलेलं नकोय लोकांना.”

“टाळ्या गेल्या चुलीत! तीन भागांत कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. हाच शेवट. एक फ्रेमसुद्धा हलवायची नाही.”

“अहो, पण ते त्याच्यासाठी रडले.”

“मेला म्हणून रडले, बाई. जिवंत होता तेव्हा शिव्याच घालत होते ना?”

तो गेला. ती बाहेर आली. शेवटच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला भाऊ तिच्याआधीच पॅसेजमध्ये येऊन उभा होता.

“ताई, बघितलंस? मुसमुसत होते गं लोक. माझ्यासाठी!”

“बघितलं.”

“आता कुणाची हिंमत आहे मला मारायची? पाचव्यात रोल वाढवतात की नाही बघ. हिला फोन लावतो. काम जाणार म्हणून झोप उडालीय तिची.”

“इथे रेंज नसते. घरी जाऊन सांग.”

“लागला की!” त्याने स्पीकर चालू केला आणि फोन तिच्यापुढे धरला. “माझ्यावर तिचा विश्वास नाही बसायचा. तूच सांग.”

“हॅलो?” पलीकडून आवाज आला. “काय झालं हो?”