दोन सुरांची शिट्टी

नणंदेने फोन केला तो खरं तर मिक्सरचं भांडं परत मागायला, पण फोन ठेवता ठेवता तिने काडी टाकलीच. "वहिनी, कोकिळेचा अल्बम आलाय म्हणे. प्रेम, विरह, सगळं साग्रसंगीत. दादाने ऐकला का हो?"

"त्याला कुठला वेळ!" असं म्हणून वहिनीने फोन ठेवला आणि भांडंबिंडं राहिलं बाजूला, आधी अल्बम शोधून काढला.

कोकिळा हे नाव वहिनीनेच ठेवलेलं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. नवऱ्याचं लग्नाआधी एका गाणाऱ्या मुलीशी जमलं होतं, मग फिसकटलं. लग्न ठरतानाच त्याने हे सांगून टाकलं होतं. सांगून तो मोकळा झाला आणि ही अडकली. त्याने पुढे कधी तो विषय काढला नाही, हिने कधी तो मनातून काढला नाही. एवढाच काय तो दोघांत फरक.

ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. जाड मऊ भिंतींची एक चिमुकली खोली, तिला एक काच. काचेच्या आत पेशंट, कानावर हेडफोन, हातात बटण, आणि काचेकडे पाठ. पाठ अशासाठी, की लोक लबाड असतात. तपासणारीचा हात हललेला दिसला की ऐकू न येताच बटण दाबतात. काचेच्या बाहेर ही आणि तिचं मशीन. आत बटण दाबलं की बाहेर दिवा लागायचा. ऐकू आलं, दिवा. नाही आलं, अंधार. संसारात अशी सोय असती तर निम्मी भांडणं वाचली असती, असं ती नेहमी म्हणायची.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती त्या खोलीत जाऊन बसली आणि अल्बम लावला. इंडी पॉप म्हणे. म्हणजे मोठी कंपनी नाही, वाद्यांचा ताफा नाही. आपल्याच खोलीत बसून गायचं आणि लोकांना आपला श्वाससुद्धा ऐकवायचा. एक गिटार, एक बारकासा कीबोर्ड आणि मध्ये तो आवाज, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

पहिल्याच गाण्यात कुणीतरी विसरून गेलेला टूथब्रश होता. तिने कान टवकारले. पण गाण्यातला ब्रश नव्याकोऱ्यासारखा होता, आणि हिच्या नवऱ्याचा ब्रश आठवड्याभरात झाडूसारखा पिंजारतो. म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा तरी. दुसऱ्या गाण्यात निळ्या डोळ्यांचा प्रियकर निघाला, तिचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्यात मात्र "हात तुझे ग्रीसचे" असं आलं आणि तो परत भांड्याबाहेर आला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या नखांतलं ग्रीस काढता काढता हिचे साबण संपायचे. साबण हिचे, गाणं तिचं!

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अल्बम चांगला होता. टाकाऊ असता तर तिने आनंदाने नणंदेला ऐकवला असता. पण त्या आवाजाने भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं होतं. स्वतःचं कधी काही तुटलेलं नसताना हिचेच डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संताप आला.

मग पाचवं गाणं सुरू झालं, आणि सुरुवातीलाच शिट्टी वाजली. दोन सूर. एक खाली, एक वर.

तिने हेडफोन काढून हातात धरला.

ही शिट्टी तिच्या घरातली होती. नवरा कामावरून आला की जिन्याखालून दोन सूर मारायचा, आणि ही असेल तिथून, हातात असेल ते काम न सोडता, तिसरा द्यायची, लांब आणि उतरता. बाजारात चुकामूक झाली तरी तेच. भांडण झालं तरी तेच. फक्त त्या दिवशी तिसरा सूर जरा तुटक यायचा. घरातलं कपाट सासरचं, पलंग माहेरचा, पडदे सेलमधले. खास दोघांचं म्हणावं असं तिच्या हिशेबाने हे एकच होतं. आणि ते निघालं कोकिळेचं.

गाणं पुढे म्हणत होतं, "दोन सूर तुझ्याचपाशी राहू दे, कुणाला हाक मारशील तेव्हा लागतील." राहू दे म्हणे! आपल्याला घट्ट झालेला स्वेटर उदार मनाने देऊन टाकावा, तशी कोकिळेने शिट्टी देऊन टाकली होती. आणि तो स्वेटर इतकी वर्षं अंगात मिरवणारी बावळट ती स्वतः. 'कुणाला'मधली ती 'कुणी'.

त्या संध्याकाळी जिन्याखालून शिट्टी आली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शिट्टी परत आली. मग नवराच वर आला.

"घसा बसलाय का?"

"नाही."

"मग?"

"भाजी करपत होती."

भाजी दुसऱ्या दिवशीही करपत होती आणि तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी ती ते पाचवं गाणं ऐकायची, जखमेची खपली काढून बघावी तशी, आणि रोज संध्याकाळी गप्प राहायची. बिचाऱ्या नवऱ्याने भलताच निष्कर्ष काढला. एके दिवशी जेवताना चाचरत म्हणाला, "रागावू नकोस, पण तू एकदा कान तपासून घे. तुला हल्ली खालून ऐकू येत नाही."

"माझे कान ठणठणीत आहेत," ती म्हणाली. आणि तेवढ्यात तिला ती कल्पना सुचली. "तुझेच तपासू. दिवसभर त्या मोटारींच्या आवाजात असतोस."

डॉक्टर बाहेरगावी असताना तिने त्याला बोलावलं, काचेकडे पाठ करून बसवलं, हेडफोन घातला, बटण हातात दिलं. "आवाज आला की दाब. कितीही बारीक असला तरी."

आधी रीतसर टूंटूं झालं. त्याचे कान उत्तम होते. मग तिने मशीनला आपला फोन जोडला, पाचवं गाणं काढलं आणि डायल तळाला नेलं. तिचा हिशेब साधा होता. अनोळखी गाणं माणसाला जरा मोठं झाल्यावर कळतं. मनात घर करून बसलेलं मात्र कुजबुजीतही कळतं. ती शिट्टी पुन्हा पुन्हा लावत गेली आणि डायल एकेक घर वर नेत गेली. एक घर, अंधार. आणखी एक, अंधार. तिला हायसं वाटायला लागलं. तिसऱ्या घरावर दिवा लागला.

इतक्या खाली! तिने डायलवरून हात काढला. बघायचं होतं ते बघून झालं होतं.

पण नवरा खुर्चीत वळला होता. पाठ करून बसायचं विसरून तो काचेतून हिच्याकडे बघत होता, भुवया उंचावून, कशाची तरी वाट बघत. माइकमधून त्याचा आवाज आला. "अगं, दे की."

"काय देऊ?"

"तुझा सूर. इतक्या दिवसांनी शिट्टी मारलीस ती अर्धीच."

"मी नाही मारली," ती म्हणाली आणि डायल सरकन वर नेलं.

गाणं त्याच्या कानात शिरलं. त्याचा चेहरा दात ठणकल्यासारखा झाला. ते तिने पाहिलं आणि ते तिला लागलंच. तोही लपवायला गेला नाही. गाणं संपेपर्यंत बसून राहिला.

"शिट्टी तिचीच," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आपल्या घरात कशाला आणलीस मग?"

"आणली नाही गं. नवीन नवीन होतो आपण, जिन्याखाली सवयीने तोंडातून गेली. मी जीभ चावली. आणि वरून तू उत्तर दिलंस. तिच्या खिडकीखाली मी कितीदा शिट्टी मारत उभा राहिलोय. वाटलं तर यायची, नाहीतर नाही. उत्तर कधीच नाही. मला माहीतच नव्हतं की या शिट्टीला पुढे काही असतं."

तिने गाणं पुन्हा मागे नेलं. दोन सूर, आणि मग नुसती शांतता, गिटार सुरू होईपर्यंत. रोज ऐकत होती ती ही जागा. लोकांच्या कानांच्या परीक्षा घेणारी बाई, आणि तिला एवढं ऐकू आलं नव्हतं.

"झालं का? निघू?" त्याने विचारलं.

"थांब. एक राहिलंय. पाठ कर."

तो निमूट वळला. तिने फोन काढून ठेवला, माइक पुढे ओढला आणि डायल खाली नेलं. ज्या घरावर कोकिळेला दिवा लागला होता तिथवर, आणि मग त्याच्याही खाली एक घर. जिंकायचंच होतं तर नीट जिंकायचं होतं. त्याला उगाच जरा ताटकळत ठेवून तिने तिसरा सूर दिला, लांब आणि उतरता.

दिवा लागला.