खुंटीवरचा दुसरा पट्टा

चौकशी समितीने मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याचे खरे उत्तर दिले होते. सरांना मुलींशी गैर वागताना कधी पाहिलेत का? नाही. जबाबाखाली सहीही केली होती. सर जिम्नॅस्टिक्सचे मुख्य प्रशिक्षक, मी मुलांच्या गटाचा सहायक प्रशिक्षक. आमची गादी आणि मुलींची गादी यांच्यामध्ये फोमचा खड्डा होता, आणि तीन वर्षे मी त्या खड्ड्याकडे पाठ करून उभा राहत आलो होतो.

तक्रार माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती. मागची कोलांटी शिकवताना आधाराच्या नावाखाली सरांचा हात कुठे जातो, पाय जमिनीला टेकल्यावरही तो का निघत नाही, आणि हात झटकला की स्पर्धेच्या यादीतून नाव कसे गळते, हे तिने दोन पानांत, एकही शब्द न खोडता लिहिले होते. तिच्याबरोबर सही करणाऱ्या दोघींनी आठवड्याभरात माघार घेतली. आता तक्रार खोटी ठरली, तर बंदी तिच्यावर येणार होती.

"अगं, सरांनी तुला हाताला धरून वर आणलं," बाबा जेवताना म्हणाले.

"तेच तर लिहिलंय, बाबा."

मी पाणी वाढायला उठलो. कोणी मागितले नव्हते.

समिती हॉल पाहायला आली तेव्हा सकाळचे ऊन उंच खिडक्यांतून तिरपे पडले होते आणि त्यात पकड घसरू नये म्हणून हातांना लावायच्या खडूची पूड तरंगत होती. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. गादीवर बूट चालत नाहीत म्हणून त्या मोज्यांवर चालत होत्या. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते आणि त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. धाकटी दाराशी उभी होती.

"हात लावायचा प्रश्नच येत नाही, मॅडम," सर हसतमुखाने म्हणाले. "हे बघा, दोन पट्टे. रुंद मुलांचा, अरुंद मुलींचा. कमरेला बांधायचा, दोऱ्या छतावरच्या कप्पीतून जातात, मी सहा फुटांवरून ओढतो. गेली तीन वर्षं पट्ट्याशिवाय एकाही मुलीला मी उडवलेलं नाही. विचारा आमच्या सहायकाला, त्याच्याच ताब्यात असतात दोन्ही."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि वहीत टिपले. त्या पुढच्या उपकरणाकडे वळल्या.

पट्टे खरेच माझ्या ताब्यात होते. दर शनिवारी ते मीच साफ करी. मुलांच्या पट्ट्यावर खडू घामात मुरून चुन्यासारखा बसे. अर्धा तास ब्रशने घासावा लागे. अरुंद पट्ट्यावर कोरडे फडके फिरवले की झाले. आमची पोरे त्याला 'पाहुणा' म्हणत: नुसता लटकून राहतो, कामाला हात लावत नाही. मीही हसलो होतो. दर शनिवारी माझे अर्ध्या तासाचे काम वाचत होते, आणि ते का वाचते हे मी स्वतःला एकदाही विचारले नव्हते.

मी दोन्ही पट्टे खुंटीवरून काढले.

"मॅडम, जरा हे बघता?"

"अरे, असू दे ते," सर म्हणाले. मग खालच्या आवाजात, "विचार करून बोल हं. पुढच्या महिन्यात तुझी नेमणूक कायम व्हायची आहे."

अध्यक्षबाईंनी रुंद पट्टा हातात घेतला. चामडे मऊ पडले होते, भोके ताणून लांबट झाली होती, बोटांना पांढरे लागले. मग त्यांनी अरुंद पट्टा बकलात ओवला. चामडे कडक, वाकेना. बकलाचा काटा भोकात शिरेना; कारखान्यात भोक पाडताना कापलेली चामड्याची चकती अजून आतच अडकलेली होती. त्यांनी दुसरे भोक पाहिले, तिसरे पाहिले. बोटे स्वच्छच राहिली.

"हा आणून किती दिवस झाले?"

"तीन वर्षं," मी म्हणालो. "हा मला कधीच घासावा लागला नाही. माझा जबाब अपुरा आहे, मॅडम. मला तो पुन्हा द्यायचाय."

सर काहीतरी बोलू लागले. अध्यक्षबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले, आणि धाकटीला आत बोलावून शेजारची खुर्ची दाखवली. तिचे म्हणणे त्यांना पहिल्यापासून पुन्हा ऐकायचे होते.

दुपारी आम्ही दोघे चालत घरी निघालो. ती नेहमीप्रमाणे दोन पावले पुढे होती, पाठ ताठ.

"दादा, दर शनिवारी तो पट्टा तुझ्या हातात असायचा?"

"हो."

तिने मान हलवली. रस्ता ओलांडताना लहानपणापासून ती माझी बाही धरत असे. सिग्नल लागला. मी हात किंचित पुढे केला. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि एकटीच पलीकडे गेली.