पडद्याचे स्पीकर

ज्योतीरामने ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं, तशी मृदुला जपमाळ ठेवून पाट सरकवत त्याच्या समोरच येऊन बसली.

आकुर्डीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या हातून हा ॲम्प्लिफायर दोनदा दुरुस्त होऊन आला आणि दोनदा जळाला. मूळचे भाग काढून हा बाजारातले भरतो, असं तिच्या नवऱ्याचं, नंदकिशोररावांचं, ठाम मत. म्हणून त्यांनी स्पीकर जिथून आणले त्या जर्मनीहूनच ॲम्प्लिफायरच्या आत बसणारे चार ट्रान्झिस्टर मागवले आणि कंपनीत जाताना बजावलं, घरीच बसवून घे, समोर बसून. मृदुलाने सकाळी पूजा उरकताना चारहींच्या माथ्यावर कुंकवाचा बारीक ठिपका दिला. बदलले तर कळेल.

ज्योतीरामने ठिपके पाहिले. चारही बसवले, डाख दिला. मग पिशवीतून चिनी मातीची बोटाएवढी कांडी काढली.

"हे कशाला? साहेबांनी एवढंच बदलायला सांगितलंय."

"वहिनी, साध्या स्पीकरात तारंचं वेटोळं असतंय. ह्यो तुमचा म्हंजे नुसता पातळ पडदा हाय. बारीक सूर लागला की लई वीज ओढतोय, अन् ह्या ॲम्प्लिफायरची तेवढी ताकद न्हाई. मला बी दोनदा जळल्यावर उमगलं. मधी हा अडसर घातला की निभंल."

मृदुलाला वाटलं, आता सारवासारव सुचतेय.

"तिसऱ्यांदा जळला, तर माझ्याकडं सेट कोण आणंल?" तो हळूच म्हणाला.

आत दूध उतू गेल्याचा वास आला. ती धावली, गॅस बंद करून तशीच परतली आणि बसण्याआधी वाकून ठिपके पाहिले. चारही होते. मान वर केली, तर ज्योतीराम तिच्याकडेच बघत होता.

त्याने सनईची तबकडी लावली. वरचे सूर असे स्वच्छ उमटले, की जणू वाजवणारा खोलीतच बसलाय. तासाभराने तिने हात लावून पाहिलं. ॲम्प्लिफायर नुसता कोमट होता.

तिने चहाचं विचारलं. तो नको म्हणाला, आणि निघताना पिशवी जमिनीवर उपडी केली. पक्कड, डाखाची तार, फडक्यात बांधलेली भाकरी. पिशवी उलटी करून झटकली. मग फडक्याची गाठ सोडली.

मृदुलाने तेव्हा तरी नजर वळवायला हवी होती. भाकरी उचलून त्याने खालचं रिकामं फडकं दाखवेपर्यंत ती बघत राहिली.