दोन चाकांमधली खिडकी

प्रवासाचे माझे काही नियम आहेत. कुणी विचारत नाही म्हणून इथे लिहितो. चुकत असतील तर सोडून द्यावेत. निघताना पोटभर जेवू नये, पण उपाशीही निघू नये. पाणी घोट घोट प्यावं. गाडीत पुस्तक उघडू नये. हे लिहिताना मला जड जातं, कारण माझं आयुष्य डहाणूच्या एका वाचनालयात गेलं. ज्याला गाडी लागते त्याने पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली खिडकी धरावी, शेवटचं बाक कधीही नाही. आणि पाटी वाचून झाली तरी कंडक्टरला विचारावं.

खिडकीचा नियम माझ्या बायकोसाठी, जमनासाठी. तिला गाडी लागते.

गेल्या वर्षी तिच्या बहिणीच्या, रूपीच्या, वास्तुशांतीनंतर आम्ही तलासरीहून परतत होतो. सगळे करतात तशी मीही बाहेरून खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. आत जाईपर्यंत आमच्या गल्लीतले नविनभाई तिथे बसले होते आणि पिशवी खाली पायांत होती. मी जागा आमची आहे असं पुटपुटलो. ते म्हणाले, "पिशवीचं तिकीट काढलंय का?" गाडी हसली. मी पिशवी उचलली. जमना शेवटच्या बाकावर बसली, आणि चारोटी नाका यायच्या आधीच तिला ओकारी झाली. नव्या साडीवर, सगळ्यांदेखत.

नविनभाईंनी ते वर्षभर पुरवून वापरलं. दूध आणायला निघालेल्या जमनाला विचारायचे, विमानात देतात तसली कागदी पिशवी घेतलीत का. लोक हसायचे. जमनाने डहाणूबाहेर जाणं सोडलं. मी वर्षभर रात्री अंथरुणात त्यांना उत्तरं देत असे, फार चांगली उत्तरं. सकाळी एकही तोंडातून निघत नसे.

यंदा रूपीच्या नातवाचा साखरपुडा होता. जमना नाहीच म्हणत होती. मी तिला शब्द दिला की जाताना आणि येताना ती खिडकी तिचीच असेल. शब्द देताना मलाच माझा भरवसा नव्हता.

जाताना जमलं. संध्याकाळी परत तलासरीच्या स्टँडवर आलो, तर नविनभाईही साखरपुडा उरकून तिथे उभे. एक गाडी लागली. पाटीवर अजून डहाणू-तलासरीच होतं, कारण ती डहाणूहून आली होती आणि पाटी बदलायची राहिली होती. मी कंडक्टरला विचारलं. त्याने सांगितलं, ही आता उधव्याला मुक्कामाला जाणार, डहाणूची मागून येतेय, शेवटची.

मी वळलो तेव्हा नविनभाई पिशवी त्या गाडीच्या खिडकीतून आत टाकत होते. नेमकी मधली खिडकी. पिशवी टाकली की जागा झाली, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री असते. ते जमनाकडे बघून हसले, म्हणाले, "जमनाबेन, आज पण मागचं बाकच," आणि चहा प्यायला टपरीवर गेले.

मला सांगता आलं असतं. टपरी दहा पावलांवर होती. मी जमनाचा हात धरला आणि उभा राहिलो.

पिशवी घेऊन ती गाडी सुटली तेव्हा ते चहाचे पैसे देत होते. ओरडत रस्त्यापर्यंत धावले. तेवढ्यात डहाणूची गाडी आली. मी सगळ्यांच्या आधी चढलो, लोकांना कोपर लावून चढलो, आणि जमना मधल्या खिडकीशी बसली.

नविनभाई धापा टाकत बाहेरून खिडकीखाली आले.

"तुम्ही कंडक्टरशी बोलत होता. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलायचं ना, भल्या माणसा. घराची किल्ली आहे त्या पिशवीत."

वर्षभराची सगळी उत्तरं कुठे गेली कोण जाणे. "तुम्ही विचारलं नाहीत," एवढंच मी म्हणालो.

त्यांनी हातच जोडले. एक ओळखीचा पोरगा मोटरसायकलने पिशवीमागे गेला होता, तो येईपर्यंत गाडी थांबवायला सांगा म्हणाले. पंधरा मिनिटं फक्त. मग जमनाकडे वळले. "बेन, तुम्ही तरी सांगा."

जमनाने त्यांच्याकडे पाहिलं. अगदी सावकाश पाहिलं, डोक्यापासून बुटांपर्यंत माणसाला बघतात तसं. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "अहो, उशीर होतोय."

मी उठून कंडक्टरकडे तोंड करून उभा राहिलो. गाडीत मोठ्याने बोलायची माझी ही पहिलीच वेळ.

"मास्तर, सगळे आले. डबल बेल द्या."

माणसं वळून बघू लागली. बेल दोनदा वाजली आणि गाडी हलली. नविनभाईंचा हात खिडकीच्या दांडीवर होता, तो त्यांना सोडावा लागला.

जमनाने काच आणखी मागे सरकवली.