दोन निळी बटणं

रद्द करायचं बटण लाल करायला मला सहा मिनिटं लागली. हे आधीच सांगतो, कारण वेळ नव्हता ही सबब मी स्वतःला बरेच दिवस ऐकवली आहे.

चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या छोट्या कंपनीने वृद्धांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट केली. त्यात एक तक्ता होता. ओळीत एकेका आजी-आजोबांचं नाव आणि शेवटच्या कॉलममध्ये दोन बटणं, मंजूर आणि रद्द. सगळ्या कॉलमला एकच स्टाइल लावून मी मोकळा झालो. दोन्ही निळी.

"दादा, रद्दचं बटण लाल करू या का? चुकून दाबलं जाईल," क्षिप्रा म्हणाली होती. पुण्याहून इथे परदेशात येऊन तिला चारच महिने झालेले, प्रोबेशन चालू, टेस्टिंग तिच्याकडे. मी इथे अकरा वर्षं मुरलेला. "नीटनेटकं दिसतंय, राहू दे," म्हणालो.

मंगळवारी संस्थेतल्या एका बाईंनी मंजूर समजून सतरा जणांचं जेवण रद्द केलं. दुपारी दोनपर्यंत सतरा म्हातारी माणसं दाराकडे बघत उपाशी बसली.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजर मिस लिम यांनी विचारलं, हे सुटलं कुणाच्या नजरेतून? क्षिप्राने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत पुटपुटलो, "आत्ता गप्प बस, मी नंतर सांभाळतो." मग इंग्रजीत सांगितलं, "टेस्टिंग क्षिप्राने केलं होतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याचीच जास्त लाज वाटते.

तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. ती डबा दुसऱ्या टेबलावर खायला लागली.

नऊ दिवस मी तोंड चुकवत फिरलो. दहाव्या दिवशी मिस लिमकडे जाऊन बटणांचं सगळं कबूल केलं. त्यांनी क्षिप्राला बोलावून प्रोबेशन वाढवल्याचं पत्र मागे घेतलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

"त्या दिवशी तू तिला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालास," मिस लिम म्हणाल्या. "काय?"

"मी सांभाळून घेतो म्हणालो."

"त्याआधी गप्प बस म्हणाला," क्षिप्रा इंग्रजीत म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"हो," मी म्हणालो. कबुली द्यायला म्हणून गेलो होतो, आणि तिथेही अर्धीच दिली.