भिंतीपलीकडचे घड

उरगुत गावातल्या त्या गल्लीत द्राक्षवेल नसलेलं अंगण शोधून सापडलं नसतं. पण शोमुरोदच्या मते बाकीच्यांकडे होत्या त्या नुसत्या वेली. त्याच्याकडे होती ती खानदानी. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या बागवानाच्या हातापाया पडून त्याने तिची काडी मिळवली होती. बोटभर लांब मणी, बी नाही, चव मधाची. आणि ही जात लावणारं आता दुसरं कुणी उरलं नाही, असं बागवान म्हणाला होता. हे वाक्य शोमुरोदने चहाच्या दुकानात इतक्यांदा ऐकवलं, की तो येताना दिसला की लोक आपापली किटली उचलून लांबच्या चौथऱ्यावर जाऊन बसत.

वेलीला पाणी घालणं, हिवाळ्यात तिला खाली वाकवून मातीत पुरणं, वसंतात उकरून पुन्हा मांडवावर चढवणं, ही किरकोळ कामं बायको ओयदिन करायची. वेलीबद्दल बोलायचं कष्टाचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

शेजारच्या खोसियत-आपाने एकदा ठेंगण्या कुंपणावरून विचारलं, "शोमुरोद, एखादी काडी मलाही दे की रे."

"काडी? आपा, ही काय पुदिन्याची जुडी वाटली?"

एवढ्यावर न थांबता त्याने कुंपण पाडून तिथे उंच विटांची भिंत घातली. चोरांची नजर नको म्हणून.

"अहो, ऊन त्याच बाजूने येतं," ओयदिन म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं!"

वेलीला मात्र कळलं. अंगणात सावली पडताच ती भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. तिला फळ धरायची वेळ आली तेव्हा शोमुरोदच्या मांडवावर पानंच पानं, आणि हरभऱ्याएवढे चार आंबट मणी. त्याने मातीला दोष दिला, पाण्याला दिला, शेवटी दृष्ट लागली म्हणून धुरी फिरवून सगळ्या घराला खोकत ठेवलं.

मग शिडी लावून भिंतीवर चढला. पलीकडे लख्ख उन्हात सोनेरी घड लोंबत होते. खोसियत-आपाने त्यांना बांबूचे टेकू दिले होते, गांधीलमाश्यांपासून जपायला मलमलीच्या पिशव्याही शिवल्या होत्या.

"आपा, ही द्राक्षं माझी आहेत! मुळं माझ्या अंगणात आहेत!"

"मग मुळं खा," आपा मान वर न करता म्हणाली.

शोमुरोद फुरंगटून खाली उतरला. ओयदिनने तंदूरमधल्या ताज्या रोट्या फडक्यात बांधल्या आणि आपाकडे निघून गेली. जरा वेळाने भिंतीपलीकडून दोन बायकांचं हसणं ऐकू येऊ लागलं. ते आपल्यावरच चाललंय, हे ओळखण्याइतकी अक्कल शोमुरोदला होती. बराच वेळ येरझारा घालून तो गल्लीतून वळसा घेत आपाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ये, बस," आपा म्हणाली आणि सगळ्यात मोठा घड धुऊन त्याच्यापुढे ठेवला.

त्याने एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. मग मोजदाद राहिलीच नाही.

"कसा आहे?" ओयदिनने विचारलं.

दाढीवरून रस ओघळत होता. बागवान, जात, खानदान, सगळं जिभेपर्यंत येऊन विरघळलं.

"गोड आहे," शोमुरोद म्हणाला, आणि रोटीचा तुकडा मोडून पुन्हा घडाकडे हात नेला.