क्विझ लागलीच नाही

स्टॅन ओल्डरॉइडला घड्याळ कळेनासं होऊन बराच काळ लोटला होता, पण टीव्ही कळत होता. घरांचा लिलाव सुरू झाला की दुसरा चहा. जुन्या वस्तूंवाले आले की गोळी. दुपारच्या बातम्या संपल्या की सँडविच, आणि क्विझ लागली की बायकोशेजारी सोफ्यावर बसून एकजात सगळी उत्तरं चुकवायची. चॅनल एकच, ते बदलायचं नाही. इंग्लंडातल्या ड्यूसबरीतला तो संसार सध्या लंडनमधली टीव्हीवाली कोणी अनोळखी माणसं चालवत होती, आणि त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

त्या मंगळवारी त्याच्या बायकोला, ब्रेंडाला, लीड्सच्या इस्पितळात जायचं होतं. छातीत गाठ सापडली होती, तिच्या तपासणीचा निकाल होता. स्टॅनला तिनं केस कापायला जाते म्हणून सांगितलं. मुलाला, नायजेलला, काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो नॉरिचहून गाडी दामटत आला असता आणि बाबांना कुठंतरी 'चांगल्या ठिकाणी' ठेवायचं पालुपद पुन्हा सुरू झालं असतं. स्टॅन एकटा राहू शकतो, हे तिला एकदा दाखवून द्यायचंच होतं. नायजेलला आणि खरं तर स्वतःलाही.

"क्विझ लागायच्या आत मी येते," कोट चढवत ती म्हणाली. "सँडविच झाकून ठेवलंय. बातम्या संपल्या की खा. आणि बाहेर पडू नकोस."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" स्टॅननं पडद्यावरची नजर काढली नाही. "ते लिलाववाले बघ, छप्पर गळतंय आणि म्हणे घर झकास आहे. जा तू. माणसात ये जरा."

बसमध्ये तिनं गाठीचा विचार केलाच नाही. गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का, यातच लीड्स आलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि फारच मऊ बोलत होती, त्यावरूनच ब्रेंडा काय ते समजली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. काही रात्री इस्पितळात.

"घरी कोण असतं, मिसेस ओल्डरॉइड?" नर्सनं विचारलं.

"नवरा. त्याचं तो बघतो. टीव्ही चालू असला की झालं."

इतकं सहज म्हणाली की तिचा स्वतःचाही विश्वास बसला.

बाहेरच्या खोलीत टीव्ही लावलेला होता. चॅनल तेच. पण पडद्यावर जुन्या वस्तू नव्हत्या. एक काळं दार होतं, बंद. समोर कॅमेरेवाल्यांची झुंबड, आणि गडद कपड्यांतला एक माणूस दबक्या आवाजात काहीतरी सांगत होता.

"पंतप्रधान राजीनामा देतायत," कुबडीवाला एक म्हातारा म्हणाला. "देतायत, देतायत, आणि बाहेर येत नाहीत. सकाळपासून त्यांच्या घराचं दार बघतोय. रंग मात्र चांगला दिलाय."

"क्विझ कधी लागेल?"

"आज कसली क्विझ, बाई? सगळं रद्द. हेच चालणार."

जुन्या वस्तूंवाले आले नाहीत म्हणजे गोळी घेतली नाही. बातम्या संपतच नाहीत म्हणजे सँडविच तसंच. आणि क्विझ लागणारच नव्हती, तर ती कधी येणार हे त्याला कळायचं कसं? तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून तो बंद पडला. पुन्हा लावला. कोणी उचलेना.

परतीची बस अशी चालली होती की उतरून ढकलावी. ब्रेंडाच्या डोळ्यांसमोर स्टॅन सपाता घालून रस्त्यावर दिसायचा, मग घरामागच्या कालव्याकाठी. शेजारच्या सीटवरची बाई काहीतरी विचारत होती, तिला ही हो-हो करत राहिली. तिला भीती वाटत होती, नुसती भीती, आणि त्यात स्वतःवरचा संताप मिसळलेला होता. माणसाला टीव्हीच्या भरवशावर टाकून जाते मी, आणि नायजेलला शहाणपण शिकवते.

कोपऱ्यावर वळली आणि जागीच थांबली. घराच्या पुढच्या खिडकीचे पडदे ओढलेले होते. भर दुपारी. त्या गल्लीत दिवसा पडदे ओढतात ते घरात कोणी वारलं की. आणि एका घरानं ओढले की मान म्हणून शेजारपाजारचेही ओढतात. शेजारच्या मेव्हिस शटलवर्थचे ओढलेले होते. समोरच्यांचेही. तरुण मंडळी हे मानत नाहीत, पण त्या गल्लीत तरुण मंडळी उरलीयत कुठं?

म्हणजे तो कोणाला तरी सापडला. त्यांनी पडदे ओढले. आणि आपण त्याला केसांची थाप मारून गेलो. ब्रेंडा भिंतीला धरून धरून पुढं सरकली.

दारातून मेव्हिस बाहेर पडत होती. ब्रेंडाला पाहून तिनं चौकटच धरली.

"अगं बाई! तू?"

"कुठं आहे तो, मेव्हिस? कोणी पाहिला आधी?"

"पाहिला म्हणजे? आत बसलाय. मी आत्ताच त्याला मटण भरून भाजलेली पाई देऊन आले." मेव्हिसचा रंग उडाला होता. "ब्रेंडा, तो म्हणाला तू वारलीस. मी काय करणार? इतका शांतपणे सांगत होता."

ब्रेंडा तिला बाजूला सारून आत गेली. अंधाऱ्या खोलीत टीव्ही चालू होता, ते काळं दार अजून बंदच होतं. समोर स्टॅन मयताला घालायच्या सुटात ताठ बसला होता. काळ्या टायची गाठही नीट बसली होती. मांडीवरच्या ताटात मेव्हिसची गरम पाई तशीच होती.

"आलीस?"

"आले."

"क्विझ लागलीच नाही."

"कळलं मला. कपडे का बदललेस, स्टॅन?"

"कोणी मोठं गेल्याशिवाय ते असं सगळं बंद करत नाहीत. राणीच्या वेळी केलं होतं." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "हे सगळे काळे कपडे घालून दाराकडे बघतायत. दार उघडत नाहीत, नाव सांगत नाहीत. तू पण येईनास. मग मी समजलो."

"आणि तुला माझंच नाव सुचलं?"

"दुसरं आहे कोण?"

ब्रेंडा कोटासकट त्याच्याशेजारी बसली. मेव्हिसचं ताट त्याच्या मांडीवरून उचलून खाली ठेवलं. त्याला आता खोटं सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"मी इस्पितळात गेले होते. गाठ आहे. पुढच्या आठवड्यात कापणार. काही रात्री मी घरी नसेन."

स्टॅननं ते ऐकलं. त्याला किती कळलं, ते तिला सांगता येईना. त्यानं टायची गाठ सैल केली.

"मग मला तिथं ठेव," तो म्हणाला. "नायजेल म्हणतो तिथं. मी एकटा राहिलो की तुला मारून टाकतो. आज पाहिलंस ना."

ब्रेंडानं नायजेलला फोन लावला. तिकडून "हॅलो, आई?" ऐकू आलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. "आई? आई, काय झालं?" फोन ओरडत राहिला. स्टॅननं तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"नायजेल," तो म्हणाला, "आई जिवंत आहे बरं का. पण तू ये."